पॅडसकट गोलकीपर आणि आमचा तोंडाळ

परवा पहाटे साडेपाचला भाच्याचा मेसेज आला, "मामा, उठलास काय? आमचा गेला गा." मी दचकून उठून बसलो, म्हटलं कोण गेला, आजारी तर कुणी नव्हतं, बायको पण जागी झाली, आणि मग पुढचा मेसेज, त्याच्या आवडत्या टीमचा एक डिफेन्समन ट्रेड झाला म्हणून. माणूस धडधाकट होता, फक्त दुसऱ्या शहरात गेला होता. बायकोनं मोबाईल माझ्या हातातून घेऊन उशीखाली घातला आणि परत झोपली.

भाचा ब्रॅम्प्टनला असतो, कॅनडात, त्यानंच मला या बर्फावरच्या हॉकीचं वेड लावलं. थंडीत तिकडची संध्याकाळची सातची मॅच म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. बेळगावच्या उद्यमबागला माझी फर्स्ट शिफ्ट, म्हणजे दोन पिरियड चहाबरोबर होतात आणि तिसरा गेटवर पंच करताना मोबाईलवर चोरून. मी स्वतः मातीवरची हॉकी खेळलेला माणूस. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचं सोनं आणलेल्या टीममधले बंडू पाटील आपल्या बेळगावचे, हे ऐकतच आमची पिढी मोठी झाली, त्यामुळं सुरुवातीला मला वाटायचं की स्केट घालून धक्काबुक्की करणं ही कसली हॉकी, पण बघता बघता लागली सवय. आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा मला त्या ट्रेडच्या, म्हणजे टीम आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात त्या भानगडीतच जास्त रस आहे.

कारण बघा की, एनएचएल म्हणजे तिकडची बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग, तिथं खेळाडूला विचारायची पद्धतच नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये 'मला हलवायचं नाही' असं कलम असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सगळ्यांना मिळत नाही. बाकीच्यांना फोन येतो, आणि एकदोन दिवसांत नवीन गावात नवीन जर्सी. घर, बायको, पोरांची शाळा मागनं बघायची. आपल्याकडं मास्तरची बदली झाली तर किमान आमदाराकडं जाऊन बसता तरी येतं.

आता ट्रेड कशासाठी करतात हे विचारलं तर वरवर उत्तर सोपं आहे, गोल किती, वय किती, पगार किती. २००५ पासून तिथं सॅलरी कॅप आहे, म्हणजे प्रत्येक टीमला पगारासाठी एक ठरलेली मर्यादा, त्यामुळं एक महाग माणूस घ्यायचा तर दुसरा सोडावा लागतो. पण भाचा म्हणतो, आणि मला पटतं, की कागदावर न लिहिलेला एक कॉलम अजून असतो, हा माणूस खोलीत कसा आहे. खोली म्हणजे ड्रेसिंग रूम. ऐंशीच्या वर मॅचेस, त्यातल्या निम्म्या बाहेरगावी, विमान-हॉटेल-बस, परत विमान, सात-आठ महिने तीच वीस-बावीस तोंडं. आणि बर्फावर एका वेळी पाऊण मिनिट, तीन फॉरवर्ड एकत्र उतरतात, पाऊण मिनिटानंतर दमून परत बाकावर. तेवढ्या वेळात न बघता पास द्यायचा असतो. शेजारच्यावर राग धरून बसलेला माणूस बघून पास देतो आणि तेवढ्यात पक, म्हणजे त्यांची बॉलऐवजीची रबरी चकती, गेलेला असतो.

हे मला आमच्या फाउंड्रीत जास्त कळलं. एका गँगमध्ये दोन मोल्डर होते, काहीतरी भिशीच्या पैशावरनं दोघांचं बोलणं बंद. दोघंही एक नंबर कारागीर, कामात खोट काढायला जागा नाही, पण एकानं कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, बसवला की दुसऱ्याला "बसला रे" एवढं सांगायचं असतं ते सांगणं बंद झालं आणि त्या आठवड्यात रिजेक्शन असं वाढलं की मॅनेजर वाळू बदलायला निघाला होता. वाळूत काही नव्हतं. सुपरवायझरनं एकाला सेकंड शिफ्टला टाकलं आणि विषय मिटला. हा पण ट्रेडच झाला की.

तर मूळ गोष्ट सांगायची ती आमची. नव्वदच्या दशकाचा शेवट, आमची टिळकवाडीतली हॉकीची टीम, नाव सांगत नाही, कारण त्यातले निम्मे अजून रोज बाजारात भेटतात. लेले ग्राउंडवर सकाळी प्रॅक्टिस, लाल माती, पावसाळ्यात चिखल, बॉल जिथं मारला तिथंच रुतून बसायचा. आमच्याकडं एक लेफ्ट-इन, म्हणजे डावीकडचा फॉरवर्ड होता, त्याला आम्ही तोंडाळ म्हणायचो. हातात जादू आणि तोंडात आग. पास चुकला की आई-बापासकट उद्धार, अंपायरला ज्ञान, कॅप्टनला ज्ञान, एकदा तर बघायला आलेल्या पोस्टमनला पण सुनावलं होतं त्यानं. आणि आमच्याकडं गोलकीपर नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्या पॅडची अशी अवस्था होती की आतला कापूस बाहेर यायचा आणि बॉल लागला की तो पोरगा आधी पॅड धरायचा आणि मग बॉल.

दुसरी एक टीम होती, गावाच्या पलीकडच्या बाजूची, बहुतेक पोरं कन्नड बोलणारी. त्यांच्याकडं दोन कीपर. त्यातला एक बैलहोंगलकडचा, इथं मामाच्या घरी राहून कॉलेज करणारा, आणि त्याच्याकडं स्वतःचे फोमचे पॅड, जालंधरहून मागवलेले, पांढरेशुभ्र. चहाच्या टपरीवर दोन्ही कॅप्टन बसले आणि ठरलं, सीझनसाठी तोंडाळ तुम्ही घ्या, पॅडवाला आम्हाला द्या. एनएचएलचं नाव पण आम्ही तेव्हा ऐकलं नव्हतं. आमचा कॅप्टन परत आला तो असा हसत की जणू गणपत गल्लीतनं अर्ध्या किमतीत शालू आणलाय. "खोली शांत होईल," म्हणाला. खोली म्हणजे चिंचेचं झाड, तिथंच आम्ही कपडे बदलायचो.

आता एनएचएलमधल्या मॉन्ट्रियल टीमची गोष्ट. पी. के. सुब्बान म्हणून डिफेन्समन होता, २०१३ ला नॉरिस ट्रॉफी म्हणजे लीगमधला सगळ्यात भारी डिफेन्समनचं बक्षीस मिळालेला. रंगीत माणूस. टोप्या, सूट, मोठ्यानं हसणं, गोल झाला की नाच. मॅच जिंकली की तो आणि गोलकीपर कॅरी प्राइस तीनदा खालनं हातावर टाळी द्यायचे, पोरंसोरं त्याची नक्कल करायची, ती पण कोचनं बंद करायला लावली. याच माणसानं २०१५ ला मॉन्ट्रियलच्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी एक कोटी डॉलर उभे करायचा शब्द दिला. आणि २९ जून २०१६ ला त्याला नॅशव्हिलला पाठवलं, बदल्यात त्यांचा कॅप्टन शे वेबर, गंभीर, कमी बोलणारा, ज्याच्या शॉटला अख्खी लीग घाबरायची असा. तारीख लक्षात घ्या हं, कारण सुब्बानचं 'मला हलवायचं नाही' हे कलम १ जुलैला लागू होणार होतं. दोन दिवस राहिले होते. मला हे वाचल्यावर जमिनीच्या व्यवहारात मुदत संपायच्या आदल्या दिवशी कचेरीत धावणारी माणसं आठवली.

कुजबुज तीच, खोलीत जमत नव्हतं, जास्त दिखावा करतो. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल पहिल्यांदा स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या फायनलला गेली, सुब्बानसकट. तिथं त्याच्या हसण्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. आता इथं थांबलो तर गोष्ट सोपी होते, मॉन्ट्रियल मूर्ख, सुब्बान शहाणा. पण वेबर पण वाईट निघाला नाही ना. तो २०१८ ला मॉन्ट्रियलचा कॅप्टन झाला आणि २०२१ ला ती टीम पण फायनलला गेली. दोन्ही टीम फायनलला गेल्या, दोन्ही हरल्या. भाचा आणि मी यावर वर्षभर भांडतोय. माझं म्हणणं असं की खोली शांत पाहिजे का बोलकी पाहिजे हा प्रश्नच चुकीचा आहे, नॅशव्हिलच्या खोलीत एका बोलक्याची जागा रिकामी होती आणि मॉन्ट्रियलच्या खोलीत एका घुम्याची, बस्स. भाचा म्हणतो मामा हे म्हणजे पत्रिका जुळवल्यासारखं झालं. असूदे की.

फिल केसेलचं तर अजून गमतीशीर. टोरंटोला असताना पेपरवाले त्याच्या मागं लागलेले, आळशी आहे, फिटनेस नाही, एकानं तर तो रोज दुपारी हॉट डॉग खायला जातो असं पण लिहिलं. १ जुलै २०१५ ला पिट्सबर्गला धाडला, वर टोरंटोनं त्याच्या पगारातले दरवर्षी बारा लाख डॉलर स्वतः भरायचं कबूल केलं, म्हणजे सून माहेरी पाठवायची आणि वर खर्चाला पैसे पण द्यायचे. पिट्सबर्गनं २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन कप जिंकले. त्यानं नंतर कपातच हॉट डॉग भरून फोटो काढला, आणि हा आळशी माणूस सलग १०६४ मॅचेस एकही न चुकवता खेळला, लीगच्या इतिहासातला विक्रम आहे तो. आमच्याकडं सलग चार रविवार प्रॅक्टिसला आला तर त्याचा सत्कार करतील.

म्हणजे मग 'खोलीत जमत नाही' हे सगळं थोतांड का? मी पण तसंच धरून बसलो होतो, पण व्हॅन्कुव्हरचं प्रकरण बघितल्यावर जरा गप्प झालो. जे. टी. मिलर आणि एलियास पेटरसन, टीमचे दोन मोठे मासे. २०२३-२४ ला या टीमनं १०९ पॉइंट काढले, डिव्हिजन जिंकलं, तेव्हा दोघांचं पटत नाही हे कुणाला खुपत नव्हतं, जिंकणाऱ्या घरातली भांडणं शेजाऱ्यांना ऐकू येत नाहीत. पुढच्या सीझनला घसरगुंडी लागली आणि सगळं बाहेर. मिलर मधे काही मॅचेस वैयक्तिक कारणासाठी रजेवर गेला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये टीमचे प्रेसिडेंट जिम रदरफोर्ड यांनी पेपरला चक्क सांगून टाकलं की दोघांचं जुळत नाही आणि यावर चांगला उपाय दिसत नाही. एवढं उघड कुणी बोलत नाही, कारण बोललं की मालाची किंमत पडते, बैल मारका आहे असं बाजारात सांगून कुणी बैल विकायला काढत नाही. ३१ जानेवारीला मिलर न्यूयॉर्क रेंजर्सला गेला, जिथनं त्याची सुरुवात झाली होती तिथंच. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेंजर्सनं त्याला कॅप्टन केलं!

इकडं नको झालेला माणूस तिकडं कॅप्टन. आणि हे वाचताना मला हसू यायच्या ऐवजी पोटात कसंतरी झालं, कारण आमच्या तोंडाळाचं पण हेच झालं होतं.

तो त्या कन्नड टीममध्ये गेला आणि दुसऱ्या सीझनला त्यांचा कॅप्टन. आम्ही विचारायचो, अरे तुमच्यात हा शिव्या देत नाही काय, तर ते म्हणायचे देतो की, पण मराठीत देतो, आम्हाला निम्म्या कळत नाहीत. आणि आमची खोली शांत झाली, होय. इतकी शांत की पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिसला अकरातले सहा. कुणाला कळेना काय झालं. मग कळलं की पहाटे सायकलवरनं घरोघरी जाऊन, खिडकीला स्टिक आपटून, आयांच्या शिव्या खाऊन पोरं उठवायचं काम तोंडाळ करत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. स्टिकला गुंडाळायची टेप त्याच्या पिशवीत, पाण्याची कळशी त्याच्या घरनं, आणि हाफ टाइमला लिंबू कापायला चाकू पण त्याचाच. आम्ही त्याचं तोंडच तेवढं मोजलं होतं.

पण मला जास्त लागून राहिलाय तो पॅडवाला. त्याच्याबद्दल सांगायच्या आधी अजून एक ट्रेड सांगतो, कारण तो वाचला तेव्हाच मला पॅडवाला आठवला.

१ जुलै २०१८. बफेलो टीम त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये तळाला. त्यांचा रायन ओ'रायली म्हणून सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, एप्रिलमध्ये सीझन संपल्यावर म्हणाला की हरायची सवय डोक्यात घुसलीय आणि या वर्षात बऱ्याचदा खेळावरचं माझं प्रेमच उडालं. प्रामाणिक माणूस. पण असलं बोललं की मॅनेजमेंटच्या भुवया वर जातात. त्याला सेंट लुईसला पाठवलं. २०१९ च्या जानेवारीच्या सुरुवातीला सेंट लुईस पण तळाला होती, आणि जूनमध्ये त्यांनी कप उचलला, त्यांच्या इतिहासातला पहिला, आणि प्लेऑफमधला, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांमधला सर्वोत्तम खेळाडू कोण तर ओ'रायली. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या ट्रेडमध्ये उलट्या बाजूनं गेलेल्यांत पॅट्रिक बर्गलुंड म्हणून एक स्वीडिश खेळाडू होता. सेंट लुईसला दहा सीझन काढलेला. दहा सीझन म्हणजे घरच ते. बफेलोला गेला आणि २३ मॅचेसनंतर डिसेंबरमध्ये यायचाच बंद झाला. कॉन्ट्रॅक्ट रद्द. एक कोटीहून जास्त डॉलर यायचे होते, ते सोडले आणि स्वीडनला परत गेला. नंतर तिकडच्या पेपरला म्हणाला की सेंट लुईस सुटल्यावर आपण स्वतःलाच हरवून बसलो होतो, पैशाचं काही वाटलं नाही. हे सगळं घडत असताना त्याची जुनी टीम कपाकडं निघाली होती.

त्याच ट्रेडमधनं बफेलोला मिळालेला टेज थॉम्पसन पुढं २०२२-२३ ला ४७ गोल करून बसला, म्हणजे हिशेबाच्या वहीत बफेलोचं पण अगदीच नुकसान नाही. पण बर्गलुंड कुठल्या कॉलममध्ये लिहायचा?

पॅडवाला आमच्याकडं आला तेव्हा आम्ही त्याच्याआधी त्याच्या पॅडना हात लावून बघितलं. खरंच सांगतो. एकानं तर वास पण घेतला. पोरगा बाजूला उभा, हसत होता बिचारा. कीपर चांगला होता, पाय लांब, नजर पक्की. पण गप्प. गोलकीपरनं मागनं सतत ओरडायचं असतं, कारण अख्खं ग्राउंड त्यालाच दिसतं, डावीकडं माणूस मोकळा आहे, तू मागं ये, तू सोड. हा ओरडायचाच नाही. आमचे फुल-बॅक वैतागले, घुम्या आहे म्हणाले, घमेंडी आहे म्हणाले, बैलहोंगलचा जमीनदार आहे म्हणाले. तीन मॅचेस आम्ही अशा हरलो की गोल त्याच्या चुकीनं नाही पण बोल त्याला.

मग एकदा त्याच्या जुन्या टीमची प्रॅक्टिस बघायला गेलो होतो, तोंडाळाला भेटायला म्हणून, आणि हा पण तिथं आलेला, सहज गोलमध्ये उभा राहिला. आणि तो पोरगा असा ओरडत होता, असा ओरडत होता, "बलक्के! एडक्के! बिडू, बिडू!", म्हणजे उजवीकडं, डावीकडं, सोड, की रस्त्यावरची रिक्षा थांबली. मी टचलाइनवर उभा राहून बघत बसलो. घुम्या वगैरे काही नव्हता तो. त्याला ओरडायला आमच्यात शब्द नव्हते. चिंचेखाली आमची मस्करी मराठीत, मॅचमधली हाकाटी मराठीत, रागवायचं मराठीत, तो कन्नड आणि मोडकं हिंदी, आणि आम्ही सगळे बेळगावात जन्मलेले, बाजारात भाजी कन्नडमधनं घासाघीस करून घेणारे, पण एकाला पण डावीकडं-उजवीकडं हे दोन शब्द त्याच्यासाठी वापरावेसे वाटले नाहीत. तो त्याचे पॅड झाडापासनं लांब, कंपाउंडच्या भिंतीजवळ घालायचा, हे तेव्हा मला आठवलं. कुणीही त्याला इकडं बस म्हटलं नव्हतं. मी पण नाही.

सीझन संपला, तो पॅड खांद्याला टाकून गेला. आम्ही परत कापूसवाल्या पॅडवर आलो.

एवढ्यात हॉकी इंडिया लीग परत सुरू झाली, २०१७ नंतर बंदच होती, २०२४ च्या शेवटाला आली. तिथं ट्रेडपेक्षा लिलाव, हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले. मी लिलावाचे आकडे वाचत होतो आणि मनात येत होतं की या टीममध्ये पंजाबी पोरं, ओडिशाची, कर्नाटकातल्या कोडगूची, वर जर्मन, डच, बेल्जियन, आणि सीझन काही आठवड्यांचा. गोलमधनं कोण कुठल्या भाषेत ओरडत असेल, आणि खोलीत भिंतीजवळ कोण बसत असेल. भाच्याला विचारलं की तुमच्याकडं हे कोण बघतं. म्हणाला काही टीम नवीन माणसाच्या शेजारची खुर्ची मुद्दाम ठरवतात, जुन्या खेळाडूच्या बाजूला देतात, काही ठिकाणी देवावर सोडतात.

गेल्या मे महिन्यात शहापूरला एका लग्नाला गेलो होतो. पंगत उठलेली, मी ताटलीत मसालेभात घेऊन पंख्याखाली जागा शोधत होतो, तर समोर तोंडाळ, केस पांढरे झालेत, आवाज तोच. आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेला पॅडवाला! मी ओळखलंच नाही आधी, पोट सुटलंय, बैलहोंगलला खताचं दुकान आहे म्हणाला. दोघं एकमेकांच्या बदल्यात गेलेली माणसं, एकाच टीममध्ये एक दिवस पण खेळलेले नाहीत, आणि मित्र झालेत, वर्षातनं चार वेळा तरी भेटतात म्हणे. तोंडाळानं मला बघून हाक मारली, "अरे हा बघ, आमचा व्यापारी आला," आणि मग पॅडवाल्याकडं वळून भराभरा कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, लई लांब काहीतरी, त्यात "पॅड" हा शब्द दोनदा आला, आणि दोघं खुर्चीवरनं पडेपर्यंत हसले. मी पण हसलो. माझं कन्नड भाजीपुरतंच.